स्वच्छ फार्म, फिकट पिल्लं: डुकराच्या नवजात पिल्लांना लोहाचं इंजेक्शन का द्यावं लागतं?

डुकरीण व्यायली. दहा-बारा पिल्लं झाली. शेडमधली फरशी धुतलेली, उबेसाठी वर दिवा लावलेला आणि सगळी पिल्लं आईच्या कासेला लागलेली. पहिला आठवडा मजेत जातो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मात्र चित्र बदलायला लागतं. पिल्लांचे कान आणि नाक पांढुरकं दिसू लागतं. अंगावरचे केस राठ होतात. सगळ्यांत गुबगुबीत दिसणारं पिल्लू जरा पळालं तरी धापा टाकतं. आणि एका सकाळी तेच पिल्लू मेलेलं सापडतं. शेड स्वच्छ आहे, आईला दूध भरपूर आहे, मग झालं काय?

बऱ्याचदा याचं उत्तर 'लोहाची कमतरता' हे असतं. या आजाराला पिल्लांचा पंडुरोग किंवा अ‍ॅनिमिया म्हणतात. गंमत म्हणजे गावात उकिरड्यावर, चिखलात फिरणाऱ्या डुकराच्या पिल्लाला हा आजार सहसा होत नाही. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या सिमेंटच्या शेडमध्ये जन्मलेल्या पिल्लाला मात्र तो जवळपास ठरलेलाच असतो. एकच दिलासा म्हणजे काही रुपयांच्या एका इंजेक्शनने तो टाळता येतो.

असं का होतं? आणि तो टाळायचा कसा? समजून घेऊया.

आधी गणित समजून घ्या

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन तयार करायला लोह लागतं. फुफ्फुसातून घेतलेला प्राणवायू शरीरभर पोचवायचं काम हे हिमोग्लोबिन करतं. लोह नाही तर हिमोग्लोबिन नाही. हिमोग्लोबिन नाही तर श्वास घेऊनही शरीर गुदमरलेलं.

डुकराचं पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याच्या संपूर्ण शरीरात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं. वाढत्या पिल्लाला दररोज अंदाजे ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागतं. आईच्या दुधातून त्याला दिवसाला मिळतं जेमतेम १ मिलिग्रॅम.

म्हणजे रोजची तूट किमान ६ मिलिग्रॅमची. जमा ५० आणि रोजचा तोटा ६, तर खातं रिकामं व्हायला आठवडाभर पुरतो. त्यातही जन्मतःच्या लोहापैकी बहुतेक लोह रक्तात आधीच कामाला लागलेलं असतं. बाजूला साठवलेलं असं फार थोडं असतं. त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांनंतरच ओढाताण सुरू होते.

आता यात वाढीचा वेग मिळवा. माणसाच्या बाळाला जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला सुमारे पाच महिने लागतात. डुकराचं पिल्लू हे काम साधारण आठवड्याभरात उरकतं. सुधारित जातीचं दीड किलोच्या आसपास जन्मलेलं पिल्लू चार आठवड्यांत सात-आठ किलोंपर्यंत जाऊ शकतं. शरीर वाढतं तसं रक्ताचं प्रमाणही वाढावं लागतं. रक्त वाढतं, पण त्यात घालायला लोह नसतं. म्हणून रक्त पातळ, फिकट होत जातं.

म्हणूनच हा आजार सगळ्यांत आधी गाठतो तो वेतातल्या सर्वांत दणकट पिल्लाला. जे पिल्लू जास्त दूध पितं आणि जास्त वेगाने वाढतं, त्याचं लोह सर्वांत आधी संपतं. अशक्त, किरकोळ पिल्लाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. धष्टपुष्ट पिल्लाची काळजी कोणी करत नाही आणि फटका त्यालाच बसतो.

मग आईलाच लोह दिलं तर?

हा सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न. गाभण बाईला लोहाच्या गोळ्या देतात, तशा गाभण डुकरिणीला दिल्या तर?

दुर्दैवाने याचा फारसा उपयोग होत नाही. डुकराच्या वारेची रचना अशी असते की आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर असतात. आईच्या गर्भाशयात तयार होणारं 'युटेरोफेरिन' नावाचं एक प्रथिन पिल्लापर्यंत लोह पोचवतं. पण त्याची पोचवण्याची क्षमता मर्यादित असते. आईला जास्त लोह खाऊ घातलं किंवा टोचलं, तरी पिल्लाच्या साठ्यात म्हणावी तशी भर पडत नाही. त्यातच एका वेताला दहा-बारा, कधी त्याहून जास्त पिल्लं. आहे तेवढंच लोह सगळ्यांत वाटलं जातं.

दुधाचंही तेच. आईच्या खाद्यात लोह वाढवलं म्हणून दुधातलं लोह लक्षणीय वाढत नाही. आईचं दूध मेद, प्रथिनं आणि साखर यांनी समृद्ध असतं. लोहाच्या बाबतीत मात्र ते गरीबच राहतं.

याचा अर्थ आईचा आहार दुर्लक्षित करावा असा नाही. आईला समतोल आहार, विशेषतः पुरेसं 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम मिळणं फार महत्त्वाचं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

रानडुकराच्या पिल्लांना कोण इंजेक्शन देतं?

कोणीच नाही. कारण त्यांना गरज पडत नाही.

डुक्कर हा माती उकरणारा प्राणी आहे. जन्मानंतर काही दिवसांतच पिल्लू नाकाने माती हुंगायला, चाटायला, उकरायला लागतं. मातीत लोह असतं. सह्याद्रीतल्या आणि कोकण-गोव्यातल्या तांबड्या जांभ्या मातीचा तर रंगच मुळी लोहाच्या संयुगांमुळे आलेला आहे. उघड्यावरच्या पिल्लाच्या पोटात अशी थोडी थोडी माती रोज जाते आणि दुधातली तूट भरून निघते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवतोय? कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. त्या सिनेमातली गावभर मोकाट फिरणारी डुकरं डोळ्यांसमोर आणा. त्यांना जंत होतील, गाडीखाली येतील, उपाशी राहतील. पण त्यांच्या पिल्लांना दुधातल्या लोहाच्या तुटीमुळे होणारा पंडुरोग होण्याची शक्यता कमी. पायाखालची जमीन त्यांना वाचवते.

दुसरं कारण वाढीच्या वेगाचं. रानडुकरीण एका वेताला कमी पिल्लं देते आणि ती हळू वाढतात. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून जास्त पिल्लं देणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या जाती घडवल्या. पिल्लांची संख्या वाढली, वाढीचा वेग वाढला. जन्मतःच मिळणारा लोहाचा साठा त्या प्रमाणात वाढला नाही. वरून आपण त्यांच्या पायाखालची माती काढून घेतली आणि सिमेंट, लोखंडी जाळी किंवा प्लॅस्टिकची फरशी दिली. ही फरशी स्वच्छतेसाठी, जंत आणि हगवण टाळण्यासाठी योग्यच आहे. पण मातीतून फुकट मिळणारं लोह आता माणसाने द्यायला हवं.

हे कळायला किती काळ लागला?

डुकरं बंदिस्त शेडमध्ये वाढवायला सुरुवात झाली तसा पिल्लांच्या या मृत्यूंचा प्रश्न युरोपात मोठा होत गेला. सुरुवातीला त्याचं खापर दमट हवा, कमी ऊन, व्यायामाचा अभाव यांवर फोडलं जायचं.

१९२३-२४ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे मॅकगोवन आणि क्रायटन या संशोधकांनी हा आजार लोहाच्या कमतरतेमुळे होतो आणि लोह दिल्यावर तो आटोक्यात येतो, हे मांडलं. पुढे १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये व्हेन, मॅकन्स आणि विडोसन यांनी पिल्लाला दूध किती लोह पुरवतं आणि शरीराला प्रत्यक्षात किती लागतं, याचा हिशोब मांडला. यातले मॅकन्स आणि एल्सी विडोसन हे माणसांच्या आहारशास्त्रातलंही मोठं नाव. अन्नपदार्थांत कोणते घटक किती असतात, याचे त्यांनी तयार केलेले तक्ते जगभर वापरले गेले.

कारण कळलं तरी उपाय किचकट होता. पिल्लांना रोज तोंडाने लोहाचं औषध पाजा, आईच्या सडांना लोहाचं द्रावण लावा, शेडमध्ये मातीची ढेकळं टाका. दहा-बारा वळवळती पिल्लं रोज एकेक करून धरायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

१९५० च्या दशकात 'आयर्न डेक्स्ट्रान' आलं आणि हे चित्र पालटलं. डेक्स्ट्रान ही साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते. तिच्या वेष्टनात लोह बांधून ते स्नायूत टोचलं की शरीर ते हळूहळू सोडवून घेतं, यकृतात आणि प्लीहेत साठवतं आणि लागेल तसं वापरतं. एका टोचणीत काही आठवड्यांची सोय झाली. आजही जगभरातल्या बहुतांश वराह फार्मवर हेच किंवा याच जातकुळीतलं 'ग्लेप्टोफेरॉन' वापरलं जातं.

कसं ओळखायचं?

लक्षणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठळक होतात.

• कान, नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या आतली बाजू फिकट, पांढुरकी दिसणं. काळ्या रंगाच्या पिल्लांमध्ये कातडीवरून कळत नाही. त्यांची पापणी किंवा हिरड्या पाहाव्यात.
• केस राठ आणि उभे राहणं, कातडी सुरकुतणं.
• दूध पिण्यात उत्साह नसणं, एका कोपऱ्यात पडून राहणं.
• वाढ खुंटणं आणि एकाच वेतातल्या पिल्लांच्या आकारात मोठा फरक पडणं.
• थोड्या हालचालीनेही धाप लागणं. श्वास घेताना बरगड्यांच्या मागची बाजू झटके दिल्यासारखी हलणं.
• वारंवार हगवण लागणं, कारण रोगप्रतिकारशक्ती कमी झालेली असते.
• तीव्र आजारात डोकं आणि खांद्याजवळ सूज येणं, किंवा पळता पळता अचानक मरण.

खात्री करायची तर हिमोग्लोबिन तपासावं लागतं. प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमच्या वर असेल तर चांगलं, ९ ते ११ म्हणजे काठावर आणि ९ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, असा सर्वसाधारण हिशोब धरला जातो. माणसांसाठी वापरतात तशा छोट्या यंत्रावर रक्ताच्या एका थेंबातही ही तपासणी करता येते.

इथे एक सावधगिरी हवी. फिकट पडलेलं प्रत्येक पिल्लू लोहाच्याच कमतरतेने आजारी असतं असं नाही. नाळेतून रक्तस्राव झाला असेल, अंगावर रक्त पिणाऱ्या उवा असतील किंवा रक्तातल्या जंतूंचा संसर्ग असेल तरीही पिल्लं पांढरी पडतात. पिल्लं जन्मतःच किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत फिकट असतील तर कारण बहुधा दुसरंच असतं. आणि पिल्लांबरोबर मोठी डुकरंही पटापट मरत असतील, तर विषय अ‍ॅनिमियाचा नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हरसारख्या साथीची शंका घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायला हवं. हा रोग भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये ईशान्येकडच्या राज्यांत आढळला.

इंजेक्शन कधी आणि किती?

सर्वसाधारण शिफारस अशी: प्रत्येक पिल्लाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, एकूण २०० मिलिग्रॅम लोह स्नायूत टोचावं.

पहिल्याच दिवशी का नाही? कारण पहिला दिवस चिकाचा. आपल्याकडे ज्या चिकापासून खरवस करतात, तोच डुकरिणीचा चीक पिल्लासाठी जीव की प्राण असतो. वारेतून प्रतिपिंडं पिल्लापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पिल्लू जन्मतःच रोगांपुढे उघडं असतं आणि सगळं संरक्षण चिकातूनच मिळतं. साधारण २४ तासांनंतर पिल्लाच्या आतड्यातून ही प्रतिपिंडं शोषली जाणं जवळपास थांबतं. म्हणून पहिला दिवस पोटभर चीक, ऊब आणि विश्रांती. सुई नंतर.

फार उशीरही नको. आठवडा उलटून गेल्यावर साठा संपलेला असतो आणि वाढीचं जे नुकसान व्हायचं ते सुरू झालेलं असतं.

आता २०० मिलिग्रॅम किती दिवस पुरतं, हे वरच्याच गणिताने काढता येईल. रोजची तूट ६ ते ९ मिलिग्रॅम धरली तर ते साधारण तीन ते पाच आठवडे चालतं. परदेशात तीन-चार आठवड्यांत पिल्लांचं दूध तोडतात आणि त्यांना लोहयुक्त खाद्यावर आणतात. तिथे एक मात्रा बऱ्याचदा भागते. तरीही झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांना ती कमी पडू शकते, असं आता दिसून येतंय.

भारतात छोट्या वराहपालकांकडे पिल्लं सहा ते आठ आठवडेसुद्धा आईपाशी राहतात. इथे एका मात्रेवर विसंबणं जोखमीचं ठरतं. म्हणूनच आपल्याकडे अनेक पशुवैद्यक दोन हप्ते सुचवतात: एक चौथ्या दिवसाच्या आसपास आणि दुसरा चौदाव्या दिवसाच्या आसपास. आपल्या पिल्लांची जात, वजन आणि दूध तोडण्याचं वय सांगून मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

बाटलीवरचा आकडा वाचा

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक इथे होते. 'दोन मिली टोचा' असं कोणीतरी सांगतं आणि माणूस दोन मिली टोचतो. पण बाजारात लोहाची औषधं वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. एका मिलीत ५० मिलिग्रॅम लोह असेल तर दोन मिलीत फक्त १०० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे अर्धीच मात्रा. एका मिलीत १०० असेल तर बरोबर २००. आणि एका मिलीत २०० असेल तर दोन मिलीत ४०० मिलिग्रॅम, म्हणजे दुप्पट.

म्हणून मिली नव्हे, मिलिग्रॅम विचारा.

जास्त लोह दिलं तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. पण लोह पिल्लाला लागतं तसं जंतूंनाही लागतं. शरीरात मोकळं लोह वाढलं की जंतूंची वाढ सोपी होते. शिवाय अती लोह पेशींना थेट इजा करतं.

'ई' जीवनसत्त्वाचा मुद्दा इथे येतो. गाभणपणात आईला 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलं असेल, तर तिच्या पिल्लांना लोहाची नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. टोचल्यानंतर काही तासांत पिल्लं अस्वस्थ होतात आणि मरतात. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा अख्खं वेत जाऊ शकतं. आधीच्या वेतात असा प्रकार घडला असेल तर पशुवैद्यकाला सांगा. सगळ्या पिल्लांना एकदम न टोचता आधी एक-दोन पिल्लांना देऊन पाहणं शहाणपणाचं.

सुई कुठे आणि कशी?

• जागा: कानाच्या मागे, मानेच्या स्नायूत. मांडीत टोचणं टाळा. तिथे मोठी नस असते, ती दुखावली तर पिल्लू लंगडतं. शिवाय लोहाचा तपकिरी डाग मांसात राहू शकतो.
• सुई: बारीक, आखूड आणि नवी. निदान प्रत्येक वेतामागे सुई बदला. बोथट सुईने जखम होते, घाण सुईने गाठ येते. एकाच सुईने अनेक वेतं टोचली की एकीचा रोग दुसरीकडे पोचतो.
• पद्धत: टोचण्याआधी त्या जागेची कातडी अंगठ्याने थोडी बाजूला सरकवा, मग सुई घाला. औषध गेल्यावर क्षणभर थांबा, सुई काढा आणि कातडी सोडा. कातडीचं भोक आणि स्नायूतलं भोक एका रेषेत राहत नाही, त्यामुळे औषध बाहेर गळत नाही. मानेवर तपकिरी ओघळ दिसला तर मात्रा वाया गेली असं समजा.
• स्वच्छता: पिल्लू ओलं किंवा शेणाने माखलेलं असेल तर आधी पुसून घ्या. बाटलीत सुई घालण्यापूर्वी बूच स्पिरिटने पुसा.
• खूण: टोचलेल्या पिल्लावर रंगाची खूण करा. बारा पिल्लांच्या गोंधळात एकाला दोनदा आणि एकाला एकदाही नाही, असं सहज घडतं.

इंजेक्शन मिळालंच नाही तर?

दुर्गम भागात हा प्रश्न खरा आहे. जुने उपाय अजूनही उपयोगी पडतात, पण प्रत्येकाला मर्यादा आहे.

पहिला उपाय मातीचा. स्वच्छ जागेवरची माती रोज थोडी पिल्लांच्या कोपऱ्यात टाकायची. पिल्लं ती उकरतात, चाटतात. मात्र जिथे डुकरं फिरतात किंवा फिरलेली आहेत अशी माती आणली तर जंतांची अंडी आणि रोगजंतू घरात आणल्यासारखं होतं. आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या काळात तर बाहेरची माती म्हणजे मोठी जोखीम.

दुसरा उपाय हिराकसचा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याचं पाण्यातलं सौम्य द्रावण आईच्या सडांना लावायचं, म्हणजे दूध पिताना थोडं लोह पिल्लाच्या तोंडात जातं. हे रोज करावं लागतं आणि कोणत्या पिल्लाला किती मिळालं ते कळत नाही. प्रमाण चुकलं तर पोट बिघडतं, म्हणून तेही विचारूनच ठरवावं.

तिसरा उपाय तोंडाने द्यायच्या लोहाच्या पेस्टचा. यातल्या काही औषधांचा भर जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांवर असतो, कारण तेव्हा पिल्लाचं आतडं मोठे रेणूही आत घेऊ शकतं. वेळ चुकली की परिणाम कमी होतो. एकदा पाजून पुढचे काही आठवडे निर्धास्त राहता येत नाही.

चौथी गोष्ट पर्याय म्हणून नव्हे तर जोड म्हणून करायची. दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लांसमोर थोडं थोडं लोहयुक्त पूरक खाद्य ठेवायला सुरुवात करावी. याला क्रीप फीड म्हणतात. सुरुवातीला पिल्लं त्याच्याशी नुसती खेळतात. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इंजेक्शनचा साठा ओसरायला लागतो, तेव्हा हे खाद्य पोटात जात असलं पाहिजे. आईचं खाद्य पिल्लांना हुंगता, चाखता येईल इतकं खाली ठेवलं तरी मदत होते.

याची एवढी चर्चा कशासाठी?

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरं होती आणि त्यात आसाम सर्वांत पुढे होता. २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. देशातलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रही आसाममध्येच, गुवाहाटीजवळच्या राणी इथे आहे.

महाराष्ट्रात डुक्करपालन बराच काळ काही मोजक्या समाजांच्या वाट्याला आलं आणि त्याकडे तुच्छतेने पाहिलं गेलं. गोव्यात चित्र वेगळं आहे. चोरिस आणि सोरपोतेल हा तिथल्या खाद्यसंस्कृतीचा भाग आहे आणि 'अगोंदा गोवन' या स्थानिक डुकराला नोंदणीकृत जात म्हणून मान्यता मिळालेली आहे. आता राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाच्या प्रकल्पांना भांडवली खर्चावर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. त्यामुळे शेळी-कोंबडीनंतर डुक्करपालनाचा विचार करणारे तरुण महाराष्ट्रातही दिसू लागलेत.

नवा माणूस या धंद्यात येतो तेव्हा त्याचा पहिला खर्च पक्क्या शेडवर होतो. व्हिडिओ पाहून तो चकचकीत फरशी घालतो, जाळ्या बसवतो. त्या फरशीबरोबरच पिल्लांच्या रक्तातल्या लोहाची जबाबदारीही आपल्याकडे आली, हे त्याला अनेकदा कोणी सांगितलेलंच नसतं. पहिल्याच वेताची निम्मी पिल्लं फिकट पडून गेली की 'हा धंदा आपल्याला लाभत नाही' असं म्हणून तो शेड बंद करतो. छोट्या वराहपालकासाठी तर दहातली चार पिल्लं जाणं म्हणजे त्या वेताचा सगळा नफा जाणं.

जी पिल्लं वाचतात त्यांचंही नुकसान असतं. ती उशिरा वाढतात, हगवण आणि इतर आजारांना लवकर बळी पडतात, दूध तोडताना वजनाने मागे असतात. हा तोटा मेलेल्या पिल्लासारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो हिशोबात धरला जात नाही.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

• गाभणपणात: आईला समतोल आहार, 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियमसह.
• पहिला दिवस: प्रत्येक पिल्लाला चीक मिळालाय याची खात्री. नाळेतून रक्त येत नाही ना, ते पाहा.
• दुसरा ते चौथा दिवस: लोहाचं इंजेक्शन. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.
• दहावा दिवस: थोडं थोडं पूरक खाद्य सुरू.
• चौदावा दिवस: पापण्या, कान, हिरड्या तपासा. दूध उशिरा तोडणार असाल किंवा मात्रा विभागून ठरली असेल तर दुसरा हप्ता.
• तिसरा-चौथा आठवडा: सगळ्यांत मोठ्या पिल्लांवर खास लक्ष. खाद्य प्रत्यक्ष खातायत का, ते पाहा.

आणि पिल्लं फिकट पडलेली आधीच दिसत असतील तर? हातपाय गाळू नका. वेळेत लोह मिळालं तर बहुतेक पिल्लं सावरतात. फक्त अशा पिल्लांना पळवू नका, ओढाताण करून धरू नका. त्यांच्या थकलेल्या हृदयाला तेवढाही ताण सोसत नाही. अलगद उचला, पशुवैद्यकाला बोलवा आणि पुढच्या वेताची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेपुढे तीन दिवस मोजून तिथेही एक खूण करा.